गाडीतलं गाडीत

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या माणसाला नाव नसतं. तो काका असतो. बालवर्गातल्या नाकगळक्या पोरापासून दहावीच्या दांडगटापर्यंत सगळ्यांचा काका. मुलांच्या आयासुद्धा फोनवर काकाच म्हणतात, मग ती बाई वयाने त्याच्यापेक्षा मोठी का असेना. आपल्या ह्या काकाला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं. एवढी पुतण्यांची पलटण फुकटात कुणाला मिळते, म्हणायचा.

पण गंमत अशी, की त्याची स्वतःची दोन पोरंसुद्धा त्याला काकाच म्हणायची. घरात नाही. घरात बाबा. पण व्हॅनचं दार सरकलं, की काका.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. थोरला तेव्हा अगदी लहान होता, आणि बापाशेजारी पुढच्या सीटवर राजासारखा बसायचा. गिअरच्या दांड्यावर बापाच्या हातावर हात ठेवायचा, जणू गाडी तोच चालवतोय. एक दिवस सुट्टीच्या वेळी शाळेच्या गेटवर एका वकिलाची बायको आली. चारचौघांच्या देखत म्हणाली, तुमचा मुलगा रोज पुढे आणि आमची मुलं मागे कोंबलेली, ही गाडी मुलांसाठी आहे की तुमच्या घरच्यांसाठी? आवाज काही चढवला नव्हता तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, काकानेही दोन ऐकवली असती. ती हसून बोलली. हसून बोललेलं माणूस आयुष्यभर चघळत बसतो.

त्या दिवशी तो घरी आला तो जेवलाच नाही. दोन्ही पोरांना समोर उभं केलं. धाकटी तेव्हा नुकती बालवर्गात जायला लागली होती. गालात घास साठवून तासभर फिरायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे, खारीसारखी म्हणून. त्या वेळीही तिच्या गालात काहीतरी होतंच.

"उद्यापासून गाडीत मी तुमचा बाप नाही," तो म्हणाला. "गाडीत मी काका. सगळ्यांचा तसा तुमचा. पुढे बसायचं नाही, लाड मागायचे नाहीत. आणि गाडीत कोण काय बोललं, कुणी काय केलं, ते घरी येऊन मला सांगायचं नाही. नाहीतर लोक म्हणतील, ड्रायव्हरने पोरं हेर म्हणून बसवलीत. गाडीतलं गाडीत, घरातलं घरात. कळलं?"

बायको ओट्यापाशी भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, बाप म्हणजे काय दुकानाची पाटी आहे का, लावली, काढली?"

त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. आपण न्यायाने वागणारे, आपल्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही, असा.

थोरल्याने त्याचा खेळ करून टाकला. दुसऱ्याच दिवशी मागच्या सीटवरून ओरडला, ड्रायव्हरसाहेब, जरा काच खाली घेता का, प्रवाशांना उकडतंय. सगळी व्हॅन हसली. तो पोरगा तसाच होता, पाण्यात टाकला तरी कोरडा बाहेर येणारा. शाळा कशीबशी संपवली, दूरच्या शहरात फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायला गेला, आणि अजूनही फोनवर ड्रायव्हरसाहेब आहेत का, असंच विचारतो.

खारूने मात्र ते मनावर घेतलं. ती पोरगी सांगितलेलं पाळायची. गाडीत चढताना इतर मुलींसारखं "काका, गुड मॉर्निंग" म्हणायची, आणि म्हणताना तोंडावर ओळखसुद्धा दाखवायची नाही. घरी "बाबा, तू मला पेन आणलंस का", आणि गाडीत "काका, तुम्ही जरा थांबता का, तिची बाटली राहिली". एकाच दिवसात दोनदा तू, दोनदा तुम्ही. आधी त्याला हसू यायचं. मग सवय झाली. नव्या आलेल्या मुलांना तर ती त्याची मुलगी आहे हे माहीतच नसायचं. पालकसभेला आई जायची, तो गेटबाहेर गाडीजवळ उभा. शाळेला काय, व्हॅनवाला तो व्हॅनवाला.

लोक पोरं किती वाढली ते दाराच्या चौकटीवर रेघा मारून बघतात. काका आरशात बघायचा. खारूची जागा ठरलेली होती, शेवटून दुसरी सीट, खिडकीचा कोपरा. तिथे चाक खालीच येतं, खड्डा आला की बूड आपटतं, म्हणून ती जागा कुणाला नको असायची. आपल्या पोरीला तीच द्यायची, म्हणजे कुणाचं तोंड उघडायला नको, असा त्याचा हिशेब. तर त्या आरशात ती पहिलीत असताना पुढच्या सीटच्या वर फक्त रिबीन दिसायची. मग कपाळ आलं. मग डोळे आले. सातवी-आठवीत कधीतरी नाक आलं आणि नववीत हनुवटी. सिग्नलला गाडी थांबली की तो आरशात बघायचा आणि मनात म्हणायचा, चला, हनुवटीपर्यंत आणली, आता एवढं एक वर्ष ढकललं की झाली शाळा. पोरं वाढवणं म्हणजे त्याला तेवढंच वाटायचं. वेळेवर उचलायचं, वेळेवर सोडायचं, मध्ये कुणाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीत एकाही पोराला खरचटलं नव्हतं. हे तो ज्याला त्याला सांगायचा.

आठवीपासून खारू गप्प झाली. वयात येताना मुली गप्प होतात, सगळे म्हणाले. मार्क घसरले. गणिताच्या तासाला उठून दारात उभी राहते, असं आईला वर्गशिक्षिकेने सांगितलं. मग अंगावर खाज. पाठीवर, कमरेवर लाल पुटकुळ्या. शाळेच्या शर्टाला आतून तपकिरी ठिपके पडायला लागले. आईने विचारलं तर पोरगीच म्हणाली, ढेकूण चावत असतील.

झालं. आई ढेकणांच्या मागे हात धुऊन लागली. गाद्या उन्हात, उशा उन्हात. खाटेच्या फटींत औषध ओतलं, आख्खं घर आठवडाभर त्याच वासाने भरलं. काका म्हणाला, अगं, आम्हाला कसे चावत नाहीत ते? आई म्हणाली, तुमचं कातडं ढेकणाला पचत नसेल. दोघंही हसले. खारूही हसली थोडी. एकदाही ढेकूण सापडला नाही, तरी आई महिनोन्महिने शोधत राहिली. अशी जिद्दीची बाई. थोरल्याची जुनी गादी तर तिने जाळूनच टाकली.

ह्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. एका सकाळी, घरापासून निघाल्यावर, अजून कुणी चढलं नव्हतं, तेव्हा मागून आवाज आला, "काका, मी आज पुढे बसू का?"

त्याने आरशात पाहिलं. ती बाहेर बघत होती.

"पुढची जागा बारक्या मुलांची," तो म्हणाला. "ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. बस मागेच."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या चौकात वकिलाचा धाकटा चढला, त्याच्या पाठोपाठ त्याचा दोस्त. दोघं खारूच्याच वर्गातले, शेवटच्या सीटवरचे. काका विसरूनही गेला.

नंतर एका रविवारी तो गाडी घेऊन सीटवाल्याकडे गेला. गाडीची तपासणी जवळ आली होती आणि मागच्या सीटांचं रेक्झीन फाटलं होतं. सीटवाला त्याचा जुना दोस्त, तोंडात सुतळी धरून बोलणारा, त्यामुळे अर्धं बोलणं समजून घ्यावं लागायचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लावलेल्या फोमच्या वड्या, शिलाईचं अवजड मशीन, आणि सगळीकडे गोंदाचा वास. काका स्टुलावर बसून चहा पीत होता. सीटवाल्याने एकेक सीट काढून बाकावर घेतली आणि चाकूने जुनं रेक्झीन सोलायला लागला.

खारूच्या सीटपाशी तो थांबला.

"तुझ्या गाडीत उंदीर आहेत का रे?"

"माझ्या गाडीत? तुझ्या डोक्यात असतील."

"मग हे काय? इकडे ये."

सीटच्या पाठीचा तो कोपरा मागच्या बाजूने फाटलेला होताच, काकाला माहीत होतं, त्याने त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती, पुढच्या सुट्टीत बघू म्हणून. आतला फोम झिजून भुगा झाला होता. दोन रेक्झिनांच्या मध्ये काही उरलंच नव्हतं. सीटवाल्याने पुढच्या बाजूचं रेक्झीन सोलून उजेडासमोर धरलं. त्याच्यातून उजेड आला. बारीक बारीक भोकं, चाळणीसारखी. दुसरीकडे कुठे नाही, फक्त त्या कोपऱ्यात, बसणाऱ्याची पाठ आणि कंबर जिथे टेकते तेवढ्याच जागेत.

"उंदीर नाही," सीटवाला तोंडातली सुतळी काढून म्हणाला. "उंदीर कुरतडतो. हे टोचलंय. मागून पुढे. टोकदार काहीतरी. पोरांच्या कंपासात ते कर्कटक असतं बघ, तसलं." मग सहज म्हणाला, "इथे कोण बसतं?"

 काकाने ते रेक्झीन हातात घेतलं आणि उलटं केलं. काही भोकांच्या कडेला तपकिरी ठिपके होते. हे ठिपके त्याने आधी पाहिले होते. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर पाहिले होते.

हातातला चहा तसाच राहिला. सीटवाल्याने परत विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या दोस्तीत कधी गप्प बसायचं एवढं कळतं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, की पाठीला आतून प्लायवूड टाकून देतो, आता खिळा ठोकला तरी पार जाणार नाही. काका हो म्हणाला. प्लायवूड ठोकण्याचा आवाज ऐकत तो स्टुलावर बसून राहिला. सगळी गाडी त्याच्या डोळ्यांसमोर होती. आरशात तिचा चेहरा दिसायचा, रोज, इतकी वर्षं. हनुवटीपर्यंत. त्याच्या खाली काय चाललंय ते आरशात येत नव्हतं. चेहरा खिडकीकडे असायचा. आता त्याला आठवायला लागलं, की ती मधूनच डोळे मिटायची. त्याला वाटायचं, पोरगी पेंगतेय.

वकिलाच्या धाकट्याला त्यानेच वाढवलं होतं म्हणायला हरकत नाही. बालवर्गात तो पोरगा आईला सोडून चढायचा नाही, लाथा झाडायचा. काका त्याला उचलून पुढे आपल्याजवळ बसवायचा, आपल्या रुमालाने नाक पुसायचा, हॉर्न वाजवू द्यायचा. थोरल्याची काढून घेतलेली जागा त्यालाच मिळाली होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई गच्चीवरून गाद्या खाली आणत होती. त्याने ते रेक्झीन तिच्या पुढ्यात टाकलं आणि थोडक्यात सांगितलं.  गादी तिच्या हातात तशीच. मग गादी जमिनीवर ठेवून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी ढेकणांना शिव्या देत होते."

खारू आत अभ्यासाला बसली होती. तो रेक्झीन उचलून दारात उभा राहिला. काय विचारायचं ते त्याने वाटेत दहा वेळा जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच, थोडं रागाचंच.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने वहीतून डोकं वर केलं. रेक्झीन त्याच्या हातात दिसलं तिला. ती दचकली नाही. पेनाचं टोपण लावलं.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मागेच बस."

घरात ती त्याला तुम्ही म्हणाली. आईने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

"ते तू... ते मला कसं कळणार, तू नीट बोलली असतीस तर. घरी येऊन तरी सांगायचं."

"गाडीतलं होतं," खारू म्हणाली.

टोमणा नव्हता तो, टोमणा असता तर सोसला असता. पाढा म्हणावा तशी म्हणाली. तो जेवायला चला म्हणाला, आणि ते तिघं जेवले. कुणीतरी मीठ मागितलं, कुणीतरी दिलं.

सोमवारी सकाळी त्याने पुढचं दार उघडून धरलं. गाडीत नवीन रेक्झीनचा वास होता. "बस पुढे," तो म्हणाला. तिने मान हलवली, पुढची जागा बारक्यांची आहे म्हणाली, आणि मागे जाऊन आपल्या कोपऱ्यात बसली. नवी सीट, आत प्लायवूड. तिने हाताने पाठ चाचपून पाहिली. त्याने आरशातून ते पाहिलं.

चौकात वकिलाचा धाकटा आणि त्याचा दोस्त दप्तरं पाठीला लावून उभे होते. काकाने गाडी हळू केली नाही. पोरांनी हात केला, मग मागे धावली, मग थांबली. खिशात फोन वाजायला लागला. तो वाजू दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादं मूल रस्त्यावर सोडलं होतं, आणि त्याला वाटत होतं, की आता मागून काहीतरी ऐकू येईल. बाबा म्हणेल, रडेल, काहीतरी.

"काका, ते दोघं राहिले," खारू म्हणाली.

"राहू दे."

 "मग आता वर्गात करतील," ती म्हणाली. एखाद्याला पत्ता सांगावा तशी.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वर्गात. गणिताच्या तासाला दारात उभी राहते, ते त्याला आत्ता कळलं. त्याने गाडीपुरताच विचार केला होता. गाडी सोडून तिचा दिवस केवढा मोठा असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाकीची मुलं घेतली, शाळेत सोडली, आणि मग गाडीला कुलूप लावून तो खारूच्या बरोबर गेटच्या आत गेला. वॉचमन म्हणाला, काका, आज आत? मोठ्या बाईंच्या खोलीत वकिलाची बायको आधीच बसली होती. मुलाला स्वतः सोडायला आली होती. आताही तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, काका, इतक्या वर्षांचा विश्वास आमचा, आणि तुम्ही मुलाला भर रस्त्यात सोडून गेलात. काय झालं ते तरी सांगा.

त्याने रेक्झीनचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याला जसं जमेल तसं सांगितलं. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. एरवी दुनियेला हसवेल असा माणूस. पण तिथे शब्द उलटसुलट येत होते. मोठ्या बाईंनी तुकडा उचलून बघितला. सीट आहे, फाटते, मुलं खोड्या करतात, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, "पण ह्या मुलीच्या घरचे कुठे आहेत? त्यांनी तक्रार केली आहे का?"

"मीच," तो म्हणाला. "मी बाप आहे तिचा."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खारूकडे. वकिलाची बायकोही बघत राहिली. त्या गेटवरच्या दिवशी तिने ज्या पोराला हटवलं ते पोर तिला आठवत असेल, पण ही कधी तिच्या डोळ्यात भरलीच नव्हती.

"हे तुझे वडील?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो," खारू म्हणाली. टेबलाच्या कडेकडे बघत.

"मग सांग बेटा. तुला कुणी त्रास देतं का? घाबरू नकोस."

खोलीत पंखा चालू होता. काकाने तिच्याकडे बघून मान हलवली, सांग, सांग म्हणून. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वकिलाच्या बायकोकडे.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी ढेकूण झालेत."

 वकिलाच्या बायकोने जिंकल्यासारखं तोंडही केलं नाही, एवढं मान्य करायला हवं. मोठ्या बाई म्हणाल्या, मी तरीही वर्गशिक्षिकेशी बोलेन, मुलांच्या जागा बदलू. खारूला वर्गात पाठवलं. ती जिना चढून गेली, एकदाही वळून न बघता, दप्तर पाठीला घट्ट चिकटवून. ते दप्तर ती असं का धरते, हेही त्याला तेव्हाच कळलं.

गाडीत येऊन तो बसून राहिला. रागवायचं कुणावर? पोरीला खोटं बोलायला त्याने शिकवलं नव्हतं. त्याने फक्त एक गोष्ट शिकवली होती, आणि ती तिने इतकी पक्की करून घेतली होती, की आता विसर म्हटल्याने विसरणार नव्हती. थोरल्याला लाखदा सांगून एक गोष्ट डोक्यात शिरायची नाही. हिला एकदा सांगितलं, बालवर्गात, गालात घास असताना. अशी गुणी पोर.

दुपारी शाळा सुटली. वकिलाची गाडी येऊन दोन्ही मुलांना घेऊन गेली. दुसऱ्या दोन आयांनी गेटवर उभं राहून आपापसात काहीतरी बोलून घेतलं आणि आज आम्हीच नेतो म्हणाल्या. बाकीची मुलं चढली, उतरली. शेवटी बालवर्गातली एक बारकीही उतरली. तिच्या घरापासून पुढे नेहमी दोघंच उरायची, पुढे काका आणि मागे खारू.

ती मागून उठली. चालत्या गाडीत उठायचं नाही, हा नियम. त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. ती पुढे आली, दप्तर काढलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवलं. नीट, उभं, पट्टे आत करून. एक क्षण तिथेच उभी राहिली. मग परत मागे जाऊन आपल्या कोपऱ्यात बसली.

 तो काही बोलला असता तर बिघडलं असतं. गिअर टाकला. आरशात बघायची हिंमत झाली नाही, म्हणून रस्त्याकडेच बघत राहिला. पुढे एक कुत्रं आडवं आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि त्याचा हात आपोआप शेजारच्या सीटवर गेला, दप्तराच्या छातीवर, ते पुढे पडू नये म्हणून.

कुत्रं गेलं. मागून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. हात तिथेच होता.